पडद्याच्या मागचा रुंबा

मल्लाप्पाच्या तंबूत सिनेमाला दोन बाजू होत्या. पुढच्या बाजूला बसायचं तर तिकीट लागायचं, मागच्या बाजूला बसायचं तर ओळख.

तंबू यशवंतपूरच्या मालधक्क्यापलीकडे, गुळाच्या ढेपा उतरायच्या त्या मोकळ्या जागेत. मूळचा तो आमच्या निपाणीकडच्या नाटक कंपनीचा. कंपनी बेंगळुरात आली, सहा महिने चालली आणि इथंच बसली. मालक एका सकाळी दाढी करायला म्हणून गेला तो अजून येतोय. तंबू मल्लाप्पानं घेतला, त्यात सिनेमाचं मशीन बसवलं, आणि आम्ही चार-दोन नाटकवाले खुंट्या-दोऱ्यांबरोबर त्याच्याकडे गेलो. मी आधी पडदा ओढायचो, आता पडद्यावर पाणी मारायला लागलो.

हे पाणी मारणं म्हणजे काय ते सांगतो. पडदा म्हणजे सहा पट्टे जोडून शिवलेलं मांजरपाट. कोरडं असलं की त्यावर चित्र मळकट दिसायचं. म्हणून खेळाच्या आधी आणि मध्यंतरात पितळी पंपानं तो भिजवायचा. ओल्या कापडावर चित्र उजळायचं आणि आरपार झिरपायचंही, त्यामुळे मागं बसलेल्यालाही पुढच्याइतकंच दिसायचं. एका डिसेंबरात एवढी थंडी पडली की मारलेलं पाणी पडद्यावरच गोठलं. नायिकेच्या गालावर बर्फ चकाकायला लागला, आणि ती रडतेय असं समजून पुढच्या रांगेतल्या हमालांनी आपले डोळे पुसले. पटत नसेल तर सोडून द्या, पुढची गोष्ट त्यावर अडलेली नाही.

मल्लाप्पाला इंग्रजी सिनेमे स्वस्तात मिळायचे. कँटोन्मेंटात चालून चालून त्यांची चाळण झाली की ते आमच्याकडे. भाषा कुणाला येत नव्हती, म्हणून तो नाचगाण्याचे आणि हसण्याचेच निवडायचा. गोष्ट बहुतेक तीच. श्रीमंताची पोरगी बोटीनं हवानाला निघालेली, तिला कुणी एक उपाशी नाचा दुसराच कुणी तरी वाटतो, तो लोकांच्या अंगावर सूप सांडतो, कारंज्यात पडतो. भांडण टोकाला जातं तेवढ्यात बोटीवरच्या दिवाणखान्यात झालरीच्या बाह्या घातलेले वाजंत्री भोपळ्याचे खुळखुळे हलवायला लागतात, कुणी दोन लाकडी दांडकी एकमेकींवर टकटकवतो, आणि ती दोघं सगळं विसरून रुंबा नाचतात. रुंबा, सांबा, टँगो, चा-चा-चा. सांबाचा तो लांबुडका ढोल सुरू झाला की धक्क्यावरचं मालगाडीचं इंजिन त्याच तालात फुसफुसायचं, आणि गार्डाची शिट्टी बरोबर समेवर यायची.

आम्ही हे सगळं मागून बघायचो, म्हणजे उलटं बघायचो. डावं ते उजवं, उजवं ते डावं. पाट्यांवरचं इंग्रजी उलटं यायचं, पण सुलटं वाचता येणारा आमच्यात होता कोण? एकट्या परसूच्या, आमच्या कंपनीच्या शिंप्याच्या, ते ध्यानात आलं, तेही आपल्या परीनं. तो म्हणायचा, "त्या मुलखात बापेमाणसं बायकांसारखी उलट्या बाजूला बटणं लावतात, बघ." त्याबरहुकूम त्यानं रघुजीला एक काळा कोट शिवूनही दिला, उलट्या बटणांचा.

रघुजी आमच्या कंपनीचा स्त्रीपार्टी. पंधरा वर्षं राण्या केल्या त्यानं. धारवाडात त्याच्या नाकातली नथ बघून सावकारांच्या बायका तशीच घडवायला सोनार बोलवायच्या. कंपनी बसली तेव्हा तो चाळिशी ओलांडून गेलेला. राणीची कामं गेली, मग तंबूत दिवाबत्ती आणि तिकिटं फाडणं. पण पाय स्वस्थ बसेनात. पडद्यामागं बसून त्यानं एकेक नाच उचलला. सकाळी तंबू रिकामा असायचा तेव्हा बाकं बाजूला सारून तो नाचायचा, आणि त्याची जोडीदारीण प्रतिमा.

प्रतिमा ही परसूची धाकटी बहीण. कंपनीत असताना ती चार वर्षांची, राणीच्या मांडीवरचं बाळ. रघुजीच्या मांडीवर झोपून तिनं शंभर प्रयोग केले. आता ती बावीसची होती, दिवसभर घरी उदबत्त्या वळायची, संध्याकाळी पडद्यामागं येऊन बसायची. परसूनं तिच्यासाठी एक गुळाचा अडत्या बघून ठेवला होता. वय बावन्न, दोन बायका गेलेल्या, तिसरी हवी होती ती दुकानावर नजर ठेवायला. परसू काही दुष्ट नव्हता. दोन खणांच्या खोलीत त्याची चार पोरं, बायको, आई आणि ही. "तुळशीच्या लग्नापर्यंत थांबतो," तो म्हणाला होता. "त्याच्या आत दुसरं काही ठरलं तर ठरव. नाही तर हे ठरलेलंच आहे."

आणि दुसरं काही आलं. मद्रासच्या एका स्टुडिओला गमतीच्या सिनेमांतल्या क्लबच्या प्रसंगांसाठी नाचणाऱ्या चार जोड्या कायमच्या नोकरीवर हव्या होत्या. महिन्याचा पगार, राहायला खोली. कँटोन्मेंटातली नाचणारी अँग्लो-इंडियन मंडळी एकेक करून विलायतेला आणि ऑस्ट्रेलियाला निघून चालली होती, म्हणून स्टुडिओचा नाचमास्तर सुधींद्र राव बेंगळुरात उरल्यासुरल्या जोड्या शोधत आला होता. जोडीच हवी, एकटी बाई नको, अशी अट. प्रतिमाला मद्रास हवं होतं, रघुजीला ती तिथं पोचायला हवी होती.

आता रघुजीच्या डाव्या हाताचं सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी आम्ही तंबूच्या सावलीत बसलो होतो. रघुजी विडी ओढत कसला तरी किस्सा सांगत होता आणि मला मांस जळल्याचा वास आला. बघतो तर विडी त्याच्या बोटांपर्यंत पोचलेली, कातडी चरचरतेय, आणि तो हसतोय. मी ओरडलो तेव्हा त्यानं खाली बघितलं. मग हळूच विडी टाकली, हात धोतराखाली घेतला आणि म्हणाला, "गुंड्या, हे तुझ्यामाझ्यात."

त्या हाताला काही कळत नव्हतं. मनगटावर फिकट चट्टा होता. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं. रोगाचं नाव आम्ही दोघांनीही घेतलं नाही. हुबळीला कंपनीच्या आचाऱ्याला हाच रोग निघाला होता, आणि त्याला गावाबाहेर कसं घालवलं ते दोघांनी बघितलं होतं. पुढून लोक दगड मारत होते, मागून आम्ही त्याची वळकटी फेकली होती.

म्हणून तो उलटा रुंबा रघुजीला सोयीचा होता. आम्ही अडाणी, आम्हाला वाटायचं नाच असाच असतो. रघुजीनं मात्र एकदा कँटोन्मेंटात जाऊन, तिकीट काढून, पुढून सिनेमा बघितला होता. त्याला ठाऊक होतं की पुरुषाचा उजवा हात बाईच्या पाठीवर असतो आणि डाव्या हातात तिचा हात धरून तो सगळ्यांसमोर लांब करायचा असतो. आमच्या उलट्या रीतीत डावा हात तिच्या पाठीमागं लपायचा. त्यानं ती रीत मोडली नाही, आणि प्रतिमाला तीच शिकवली. सगळ्या बेंगळुरात अशी नाचणारी ती एकच जोडी. दुसऱ्या कुणाबरोबर त्यांना नाचताच आलं नसतं.

परीक्षा मल्लेश्वरमला, एका लग्नाच्या छत्रात. छत्र म्हणजे आपलं मंगल कार्यालय. ऑक्टोबरातला रविवार, सकाळचे दहा. मी बरोबर गेलो होतो. सहा-सात जोड्या आलेल्या, बहुतेक कँटोन्मेंटच्या. सुधींद्र राव बारीक, टापटिपीचा माणूस, टेबलावर ग्रामोफोन. तो कानडीतच बोलायचा, मी आपला मराठीत सांगतो.

रघुजी आणि प्रतिमा नाचली. आता मी किती फुगवून सांगतो ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल, पण इथं फुगवायला जागाच नाही. प्रतिमाचे पाय जमिनीवर जणू काही विचारत होते आणि रघुजीचे पाय उत्तर देत होते. कमरेवर जेवढी लचक हवी तेवढीच, राणीच्या चालीतून आलेली. दारातला हार विकणारा आत येऊन उभा राहिला.

सुधींद्र राव आधी हसला, मग हसायचा थांबला. तबकडी संपल्यावर त्यानं विचारलं, "मिस्टर, हे तुम्ही कुठं शिकलात?"

"सिनेमा बघून."

"कुठल्या बाजूनं बघून?"

मी सांगितलं, "मागून, सार."

त्यावर तो एवढा हसला की चष्मा काढून पुसावा लागला. मग म्हणाला, "अहो, तीन जोड्या एकीकडे फिरणार आणि तुम्ही दोघं दुसरीकडे. कॅमेऱ्यात ते बाजारात उलटी शिरलेली बैलगाडी दिसेल. पण पाय सोन्याचे आहेत. आठ दिवस देतो. सुलटं करून या. उजवा हात पाठीवर, डावा बाहेर. एवढं जमलं की मद्रास."

बाहेर पडल्यावर प्रतिमा पुढं चालत होती. जवळजवळ पळतच होती. रघुजी आणि मी मागं.

"सांग तिला," मी म्हणालो.

"सांगितलं तर ती नाचायची नाही."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर नाचेल." थोडं चालून तो म्हणाला, "दोन वर्षं तिच्या पाठीवर हात ठेवलाय मी गुंड्या. कापडावरून. पाठ साफ आहे ना ते तिच्या वहिनीच्या तोंडून आडून आडून काढून घेत असतो. आता हातात हात द्यायचा म्हणजे..."

दुसऱ्या दिवशी सकाळी तंबूत ती दोघं सुलटं करायला उभी राहिली. मी पंपाची वादी बदलत बसलो होतो. पहिल्या फेरीत दोघंही अडखळली, दुसऱ्या फेरीत जमायला लागलं. तिसऱ्या फेरीच्या मध्यावर प्रतिमा नाचता नाचताच म्हणाली, "अण्णा, मी तुझ्या हातात नख रोवलंय."

"रोव की."

"रक्त येईल एवढं रोवलंय."

तेव्हा त्यानं तिकडं बघितलं. ती थांबली. त्याचा हात तिनं उजेडात धरला, मनगटावरची बाही वर सारली, आत वळलेली बोटं एकेक उलगडून बघितली.

"कधीपासून?"

"दोन वर्षं."

"आणि गुंडण्णाला ठाऊक होतं." हे तिनं मला विचारलं नव्हतं, माझी खाली गेलेली मान बघून ओळखलं होतं. ती बाकावर जाऊन बसली. रघुजी तसाच उभा, शिक्षा ऐकायला उभ्या केलेल्या माणसासारखा. मी मनात म्हटलं, आता ही जाऊन हात धुणार, मग घरी जाणार, मग तुळशीचं लग्न.

ती उठली आणि परत येऊन तिनं तोच हात धरला.

"चल," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

"पोरी, तू विचार कर."

"केला. लहानपणी तापात मी तुझ्या शालूवर ओकले होते तेव्हा तू तसाच प्रयोगाला गेलास. आई सांगते. चल म्हटलं ना."

मला हे झेपलं नाही. दोन वर्षं मी रघुजीच्या हातची तंबाखू खाल्ली नव्हती. पुडी पुढं केली की म्हणायचो, सोडली. आणि आडोशाला जाऊन माझी खायचो. त्यालाही ते ठाऊक होतं, पण रोज पुडी पुढं करायचा.

हात झाकायची युक्ती प्रतिमानंच काढली. सिनेमातले बापे काळ्या कोटावर पांढरे हातमोजे घालतात, आपणही घालू. तिनं पॉपलिनचे दोन जोड शिवले, एक त्याला, एक तिला. पण रघुजीची ती दोन बोटं मोज्यात सरळ राहीनात, पक्ष्याच्या नखासारखी आत वळायची. मग तिनं उदबत्तीच्या कोऱ्या काड्या तोडून मोज्याच्या त्या दोन बोटांत आतून टाकून शिवून घेतल्या. बोटं ताठ झाली. रघुजीनं हात हलवून बघितला आणि म्हणाला, "वा. या हातानं आता राजाचंही काम करता येईल."

"आधी नाचाचं कर," ती म्हणाली.

परसूनं कोटाची बटणं सुलटी लावून दिली. कशाला ते त्याला सांगितलं नव्हतं. त्यानं फक्त एवढंच विचारलं, "जमेल ना रे गुंडू तिला? मलाही काही हौस नाही त्या थेरड्याच्या दारात पोरगी घालायची."

"जमलंय," मी म्हणालो.

दुसऱ्या रविवारी छत्रात गर्दी जास्त. जोड्यांखेरीज काही एकटे पुरुषही आले होते, न जाणो, कुणाचा जोडीदार पळाला तर. सुधींद्र रावनं आमचीच जोडी शेवटी ठेवली, जेवणात गोड शेवटी ठेवावं तशी. रघुजी नवरदेवासारखा दिसत होता. पांढरे मोजे, काळा कोट, आणि चेहऱ्यावर ते राणीचं हसू, जे धारवाडपासून मिरजेपर्यंत कुणाला परतवता आलं नव्हतं.

तबकडी लागली. खुळखुळे, दांडक्यांची टकटक, मग तुतारीसारखं ते वाद्य. दोघं सुटली. आठ दिवसांत त्यांनी सगळं अंग आरशातून बाहेर काढून सुलटं केलं होतं. डावा हात बाहेर, खांद्याच्या उंचीवर, तिची बोटं त्यात. सुधींद्र राव पहिल्या फेरीनंतर खुर्चीत मागं रेलला आणि त्यानं शेजाऱ्याला मान हलवून काही तरी सांगितलं. ठरलं होतं. मी डोळ्यांनी बघितलं, ठरलं होतं.

दुसऱ्या फेरीत एक गिरकी होती. प्रतिमा फिरून परत येते आणि आपला सगळा भार त्या हातावर टाकते. ती आली, भार टाकला. मला काही ऐकू आलं नाही, खुळखुळे वाजत होते. पण पुढच्या चार पावलांत मोज्याच्या करंगळीच्या मुळाशी कुंकवाएवढा ठिपका दिसला. मग रुपयाएवढा. मग सगळा तळवा. काडी मोडून टोक आत घुसलं होतं आणि नाचाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर आणखी आत जात होतं.

रघुजी हसत होता.

प्रतिमानं ते बघितलं. तिनं पावलं न चुकवता त्याला भिंतीकडे वळवायला सुरुवात केली, हात लोकांच्या उलट्या बाजूला जावा म्हणून. पण नाच गोल फिरतो. हात पुन्हा समोर आला. मनगटावरून बाहीत ओघळ गेला, लाद्यांवर थेंब पडले, आणि तिच्या मोज्यावरही रक्त उतरलं. तिनं हात सोडला नाही. आणखी एक फेरी काढली असती तर तबकडी संपली असती.

सुधींद्र रावनं उठून सुई उचलली. "थांबा, थांबा. मिस्टर, तुम्हाला लागलंय."

रघुजीनं हसतच विचारलं, "कुठं?"

तो एवढंच बोलला. तळहातात काडी घुसलेला माणूस कुठं म्हणून विचारतो, याचा अर्थ कळायला कुणाला वैद्य लागत नाही. तरी एक होतीच. एका जोडीबरोबर आलेली कँटोन्मेंटची म्हातारी, पूर्वी नर्स होती. तिनं पुढं होऊन त्याचा मोजा कातरीनं कापून काढला, काडी ओढून काढली, बोटं बघितली, चट्टा बघितला. मग इंग्रजीत तो एक शब्द उच्चारला, हळूच, पण सगळ्यांना कळला. भिंतीपर्यंत लोक मागं सरले. तिनं मात्र आपला रुमाल त्याच्या हाताला बांधला.

सुधींद्र राव वाईट माणूस नव्हता. त्याचा चेहरा पडला होता. तो म्हणाला, "यांना इस्पितळात जायला हवं. आता औषध निघालंय, बरं होतं. पण माझ्याबरोबर नाही नेता येणार." मग प्रतिमाकडे बघून, "मुलीचे पाय मला हवेत. दुसरा जोडीदार असेल तर मी आत्ता तिचं नाव लिहितो. एक फेरी करून दाखवा फक्त. कोण येतंय?"

ती छत्राच्या मधोमध उभी राहिली. तिनं रक्ताचा मोजा काढून टाकला आणि उघडा हात पुढं धरला, रुंब्यात धरतात तसा. स्वच्छ हात, बोटांना उदबत्तीचा वास असलेला.

सात पुरुष होते तिथं. एकानं बुटाची नाडी बांधायला घेतली. एक खिडकीतून बघायला लागला, बाहेर काही नसताना. एक म्हणाला, मला फक्त वॉल्ट्झ येतो. नर्सबाई आपल्याबरोबरच्या पुरुषाला कोपरानं ढोसून इंग्रजीत काही तरी सांगत होती, तो मान हलवत होता.

रघुजी दाराशी गेला होता. तिथून त्यानं माझ्याकडे बघितलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाला, "गुंड्या, तुला येतं की."

मला येत होतं. सहा वर्षं पडद्यामागं पंप हातात घेऊन मी उभा असायचो, अंधारात माझे पाय तेच करायचे. आठ दिवस त्यांची तालीम बघताना सुलटंही शिकलो होतो. चांगलं नाही, पण एक फेरी झाली असती. प्रतिमानंही मान वळवली. हात तसाच पुढं.

"माझा पाय दुखतोय," मी म्हणालो.

"कुठला?" रघुजीनं विचारलं.

प्रतिमानं हात खाली घेतला.

आम्ही बसनं गेलो की चालत, ते आठवत नाही, पण बातमी आमच्या आधी यशवंतपुरात पोचली होती. अडत्यानं दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की त्याला हे लग्न करायचं नाही. म्हणजे त्या एका गोष्टीतून ती सुटली. परसूनं तिला घराबाहेर काढलं नाही. फक्त तिचं ताट वेगळं केलं, मग तिचं अंथरूण मोरीजवळ गेलं, मग उदबत्तीवाल्यानं माल घेणं बंद केलं. देवापुढं लावायची वस्तू, तो म्हणाला. मल्लाप्पानं मला सांगितलं की पडद्यामागं ती दोघं दिसली तर तूही दिसायचा नाहीस. सरी, म्हणजे बरं, मी म्हणालो. आठवड्याभरानं रघुजी गावाबाहेरच्या इस्पितळात गेला, त्याच्याबरोबर प्रतिमाही गेली. तो रुग्ण म्हणून, ती पट्ट्या धुण्याच्या कामावर.

लोक विचारतात तेव्हा मी वेगळं सांगतो. ती मद्रासला गेली, अकरा सिनेमांत नाचली, क्लबच्या प्रसंगात नायिकेच्या मागं डावीकडून तिसरी, नीट बघितलंत तर दिसेल. मल्लेश्वरमच्या एका वकिलानं तिला ओळखलंही. शपथेवर म्हणाला, तीच होती. अशा लोकांमुळे माझं निभतं.

खरं एवढंच की पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ती तंबूवर आली. मी बादलीत पाणी भरत होतो. अंगानं उतरली होती, पाय मात्र तेच. तिनं पदराच्या गाठीतून घडीचा कागद काढला.

"डॉक्टरांनी दिलंय. वाच."

"इंग्रजी आहे, मला कुठं येतं?"

"माझ्यात काही नाही असं लिहिलंय. तीनदा तपासलं. आणि अण्णाचंही आता दुसऱ्याला लागण्यासारखं राहिलेलं नाही. गोळ्या चालू आहेत. बोटं वाकडीच राहणार, पण तो तिथल्या पोरांना टँगो शिकवतो."

"मग आता मद्रास?"

"त्यांच्या चार जोड्या केव्हाच झाल्या. मी पत्र घालून बघितलं." ती बाकाकडे बघत होती, पण बसली नाही. "आता काही नाही, गुंडण्णा. तुला दाखवायला म्हणून आले. धर."

मी कागद घेतला. कोपऱ्याला, दोन बोटांत. आपण तसा धरलाय हे माझ्या लक्षात यायच्या आधी तिच्या आलं.

"राहू दे," ती म्हणाली, आणि कागद परत घेऊन तिनं त्याची घडी केली, आधीच्याच मोडीवर, सावकाश.

ती धक्क्याच्या रस्त्यानं निघाली. वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत मी उभा राहिलो. मग हात धुतले.